आफ्रिकेत थिऑलॉजी (ख्रिस्ती धर्मशास्त्र) शिकवायला आपण माणूस पाठवावा की पगार?

शरणपूर_रोड
आमच्या चर्चच्या मंडळीत सध्या हाच विषय गाजतोय. आमच्यातला एक तरुण, एम.टीएच. (थिऑलॉजीतली मास्टर्स) झालेला, केनियातल्या एका थिऑलॉजिकल कॉलेजात नवा करार (बायबलचा येशूनंतरचा भाग) शिकवायला जायचं म्हणतोय आणि तिकीट, घरभाडं, इन्शुरन्स, घरी आईवडलांना महिन्याचे पैसे असा सगळा खर्च मंडळीने वर्गणीतून उचलायचा असं कमिटीत चाललंय. मुलगा गुणी आहे, त्याच्या पाचारणाबद्दल मला काडीचीही शंका नाही. पण माझा विरोध आहे. केनियात नवा करार शिकवू शकतील अशी शिकलेली माणसं आज आहेत, अडचण आहे ती कॉलेजकडे त्यांना द्यायला पैसे नसण्याची. बाहेरून फुकट शिकवणारा आला की प्रिन्सिपल त्याला घेणारच, आणि तिथला माणूस कुठल्यातरी एनजीओत नोकरी धरतो. म्हणजे आपण मदतीला जाऊन तिथल्याच मास्तरची जागा अडवतो. तोच पैसा तिथल्या एका लेक्चररच्या पगाराला द्यावा असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि नाशिककरांना तर हे सांगायलाच नको. गुलामांच्या जहाजांवरून ब्रिटिश नौदलाने सोडवलेली आफ्रिकन मुलं मुंबईला उतरवली जायची, त्यातली कितीतरी चर्च मिशनरी सोसायटीने आपल्या शरणपूरला ठेवली, सुतारकाम, लोहारकाम आणि शाळा शिकवली. आफ्रिकेत फिरलेला मिशनरी-संशोधक लिव्हिंग्स्टन 1873 ला वारला तेव्हा त्याचा देह किनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत शरणपूरला शिकलेले तरुण होते, त्यातला जेकब वेनराइट तर शवपेटीबरोबर इंग्लंडला गेला. पुढे यातले बरेच जण मोंबासाजवळ फ्रियर टाऊनला गेले, मुंबईच्या माजी गव्हर्नरच्या नावाची ती वस्ती. तिथली मिशनची शाळा आणि उपदेश या ‘बॉम्बे आफ्रिकन’ मंडळींनी सांभाळला, तरी गोऱ्या मिशनऱ्यांच्या बरोबरीचा मान त्यांना शेवटपर्यंत मिळाला नाही. फ्रियर टाऊनचं डिव्हिनिटी स्कूल, म्हणजे पाळक घडवणारी शाळा, 1930 ला केनियातच लिमुरूला हललं आणि त्याचंच आज सेंट पॉल्स विद्यापीठ झालंय. दीडशे वर्षांपूर्वी आफ्रिकन माणूस शिकवू शकत होता तर आज का नाही?

मेघा_खडकी
दादा, इतिहास पटला, निष्कर्ष नाही पटला. मी स्वतः नैरोबीच्या बाहेर एका कॉलेजात शिकवून आलेय म्हणून लिहिते. तिथे कुणाची जागा अडवली असं मला एकदाही वाटलं नाही, कारण हिब्रू, म्हणजे जुन्या कराराची मूळ भाषा, शिकवायला कुणीच नव्हतं आणि दोन बॅचेस हिब्रू न शिकताच बाहेर पडल्या होत्या. प्रश्न विषयाचा असतो. इंट्रोडक्शनचे पेपर शिकवायला बाहेरचा माणूस नकोच, पण ज्या विषयाला माणूसच नाही तिथे काय करायचं?

तिथल्या कॉलेजच्या लायब्ररीबद्दल मात्र सांगते, कारण तिथे मला खरंच राग आला. इंग्लंड-अमेरिकेतल्या चर्चेसनी स्वतःची कपाटं रिकामी करून पाठवलेली पुस्तकं, एकाच जुन्या भाष्याच्या चार प्रती, रविवारच्या शाळेची रंगीत पुस्तकं, त्यातल्या चित्रांत बर्फ पडतोय. जॉन म्बिती हा केनियाचाच, आफ्रिकन धर्मविचारावर त्याच्याइतकं नाव कुणाचं नाही, त्याची एक फाटकी झेरॉक्स होती आणि ती लायब्ररियन बाईंनी ड्रॉवरमध्ये कुलपात ठेवलेली, कारण प्रत्येक बॅचला तीच लागायची.

वर्धेचा_वाटसरू
मी ख्रिस्ती नाही, हे आधीच सांगतो. मला मूळ प्रश्नच वेगळा वाटतो. तिथे आधीपासून श्रद्धा होत्या, पूर्वजांचा मान होता, लग्नाच्या मरणाच्या रीती होत्या, त्या सगळ्याला अंधार म्हणून बाजूला सारलं गेलं, आणि आता त्यावर डिग्री कुणी शिकवायची यावर वाद. रवांडाचं उदाहरण घ्या. जवळजवळ सगळा देश ख्रिस्ती, सेमिनऱ्या (धर्मगुरू घडवणाऱ्या शाळा) जुन्या, शिकलेले धर्मगुरू, आणि 1994 च्या नरसंहारात न्तारामा, न्यामाटाच्या चर्चमध्ये आसऱ्याला आलेली माणसं तिथेच मारली गेली. एका शिकलेल्या धर्मगुरूला तर आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने जन्मठेप दिली. एवढं थिऑलॉजीचं शिक्षण होऊन हे झालं असेल तर आणखी मास्तर पाठवून काय साधणार ते मला कळत नाही.

जॉर्ज_वसई
वाटसरू, रवांडाचं दुःख तुम्ही मांडलं ते खरंय, चर्चने त्यातून पळ काढू नये. पण त्याच रवांडाने 2018 ला कायदा केला की चर्च चालवणाऱ्या पास्टरकडे थिऑलॉजीची डिग्री पाहिजे, आणि पाच वर्षांची मुदत दिली. म्हणजे तिथल्या सरकारलाही अशिक्षित पास्टरची भीती वाटली. केनियात 2023 ला शाकाहोलाच्या जंगलात 400 हून जास्त मृतदेह निघाले, उपाशी राहिलं तर येशू भेटेल असं एका प्रचारकाने लोकांना शिकवलं होतं. लहान मुलंही होती त्यात. असं काही कानावर आलं की खेड्यातल्या बाईला कळायला हवं की हे पवित्र शास्त्रात नाही, आणि ते तिला तिचा पाळकच सांगणार. आफ्रिकेत आज 60 कोटींहून जास्त ख्रिस्ती आहेत, तेवढ्यांना शिकलेले पाळक कुठून आणणार? माणूस पाठवा, पैसे पाठवा, जमेल ते पाठवा.

शरणपूर_रोड
@जॉर्ज_वसई “जमेल ते पाठवा” इथेच तर गाडी अडते. बाहेरून माणसं पाठवून तिथल्यांना बाजूला सारायची ही सवय फार जुनी आहे. सिएरा लिओनमधलं फोरा बे कॉलेज 1827 चं, त्याच्या पहिल्या विद्यार्थ्यांत सॅम्युएल अजायी क्राउदर, गुलामीतून सुटलेला, आजच्या नायजेरियातल्या योरुबा समाजातला मुलगा. पुढे 1864 ला तो बिशप झाला, योरुबात बायबल आणलं, नायजर नदीवरची मिशन उभी केली. आणि 1890 च्या आसपास इंग्लंडहून तरुण मिशनरी आले, त्यांनी त्याच्या माणसांवर आरोप केले, म्हाताऱ्या क्राउदरला बाजूला सारलं, 1891 च्या शेवटी तो गेला आणि त्याच्या जागी गोरा बिशप आणला. आफ्रिकेला माणूस तयार करता येतो हे तिथे आधीच सिद्ध झालं होतं, बाहेरून आलेल्यांनीच ते मोडलं. म्हणून 1971 ला केनियाच्या प्रेस्बिटेरियन (एक प्रॉटेस्टंट पंथ) चर्चचे पुढारी जॉन गाटू म्हणाले की परदेशी मिशनरी आणि पैसा दोन्ही काही काळ थांबवा.

किसुमू_ते_कोथरूड
दोन्ही थांबवा म्हणाले होते, दादा. तुम्ही माणूस थांबवा आणि पैसा पाठवा म्हणताय, गाटूंच्या नावावर ते खपत नाही. मी केनियात बरीच वर्षं नोकरीला होतो, चर्चचा नाही पण चर्चची बरीच माणसं ओळखीची. बाहेरून लेक्चररचा पगार आला की तो लेक्चरर कॉलेजच्या आधी पैसे देणाऱ्याचं ऐकतो, रिपोर्ट त्यांना, फोटो त्यांना, वर्गात काय शिकवायचं तेही हळूहळू त्यांचं. आणि पैसे देणाऱ्याचा उत्साह संपला की पगार बंद, मुलांच्या फिया मध्येच अडकलेल्या. निदान माणूस गेला तर तो तिथे राहतो, उगाली (मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा) खातो, त्यांच्या मयताला जातो. पैसा यातलं काही करत नाही.

मेघा_खडकी
हे बरोबर बोललात. आणि वाटसरूंना एक उत्तर द्यायचं राहिलं. रीती अंधार म्हणून बाजूला सारल्या हे खरं, त्याची किंमतही लोकांनी मोजली. अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतल्या, बिशपांच्या लॅम्बेथ परिषदेने 1888 ला ठरवलं की अनेक बायका असलेल्या पुरुषाला बाप्तिस्मा नाही. म्हणजे त्याने बाप्तिस्म्यासाठी बायका सोडायच्या, आणि त्या बायकांनी मुलं घेऊन जायचं कुठे? हे बदलायला 1988 उजाडलं, आणि बदलायला लावलं ते आफ्रिकन बिशपांनी, त्यात केनियाचे डेव्हिड गिटारी पुढे होते. माझ्या वर्गात हा विषय निघाला तेव्हा मी गप्प बसून ऐकत होते. एका विद्यार्थ्याची आजी अशीच सोडलेली होती, त्याने फळ्यावर सगळं घर काढून दाखवलं, कोण कुठे गेलं, कोणाला जमीन मिळाली, कोणाला नाही. ते मला कुठल्या पुस्तकात मिळालं नसतं.

वर्धेचा_वाटसरू
मेघाताई, मग तुम्ही शिकवायला गेला होतात की शिकायला? सरळ विचारतोय.

मेघा_खडकी
दोन्ही. पण हिब्रू मीच शिकवलं, आणि त्यातला एक मुलगा आता तिथेच हिब्रू शिकवतो. त्यानंतर मी तिथे परत गेले नाही, जायची गरजही नाही.

शरणपूर_रोड
हे मात्र मला मान्य आहे, आणि कमिटीपुढे असंच मांडतो. आमचा मुलगा जाऊ दे, पण कॉलेजने आधी लेखी सांगावं की त्याच्या हाताखाली तिथला कोण तयार होणार, आणि त्या माणसाचा पगार कॉलेजच्या स्वतःच्या बजेटमध्ये कधीपासून येणार. वर्गणीतला एक भाग त्यांच्या लायब्ररीला जावा, पुस्तकं त्यांनी निवडायची, आपली जुनी कपाटं रिकामी करून पाठवायची नाहीत. हे लेखी आलं नाही तर माझं मत विरोधातच राहील.

जॉर्ज_वसई
लेखी येईपर्यंत वर्ष जाईल, दादा. तोवर ते वर्ग कोण घेणार?

शरणपूर_रोड
तिथलाच कोणीतरी, आणि त्याचा त्या वर्षाचा पगार द्यायला मी स्वतः तयार आहे. तुम्ही किती टाकताय ते सांगा.