जुने पेपर टाकू नका
मुलीच्या परीक्षेचा पॅटर्न बदलला म्हणून जुने प्रश्नपेपर रद्दीत घालू का असं विचारलंय तुम्ही, तर अजिबात नको, धडे तेच असतील तर सरावाला चालतातच की, फक्त मार्कांची विभागणी नि वेळेचं गणित नव्या नमुना पेपरवरूनच बघायचं. तो पेपर मार्किंग स्कीमसकट (कुठल्या मुद्द्याला किती मार्क, त्याचा तक्ता) आधी आपण वाचा. मग मुलीला पुस्तक मिटून उत्तर लिहू दे आणि स्कीम समोर ठेवून तिचं तिलाच तपासू दे, ३ मार्कांच्या प्रश्नात कारण लिहायचं राहिलं की मार्क कुठे गेला ते लगेच कळतं. नुसतं हायलायटर फिरवून अभ्यास झाल्यासारखा वाटतो, होत नाही. आणि "आमच्या वेळी असं नव्हतं" हे बंद (जीभ वळवळते, माहितीये). झोप मात्र ८ ते १० तास हवीच या किशोरवयात, आदल्या रात्रीसुद्धा.