न तापवलेल्या माळ्याला फोम मारावा का?

उतरतं_छप्पर: खोल्यांत हीटर आहेत, माळा आणि तळघर मात्र थंडच असतं. माळ्याच्या उताराला आतून क्लोज्ड-सेल स्प्रे फोम (फवारल्यावर फुगून घट्ट होणारा फेस) मारावा, असं माझं ठाम मत झालंय. इंचाला आर-व्हॅल्यू (उष्णता अडवण्याची ताकद) ६ च्या आसपास मिळते, ग्लासवूलची (काचेच्या तंतूंच्या गादीची) ३ ते ४. पण खरं कारण आहे हवा. परवा दिव्याच्या भोकावरचं ग्लासवूल उचललं तर खालून काळंकुट्ट! खोलीतली गरम हवा त्यातून गाळली जाऊन वर जात होती, धूळ मागे राहत होती. ग्लासवूल वारा अडवत नाही, फोम अडवतो.

जुना_वासा: साफ असहमत. माळ्यावर कोणी राहत नाही, मग ऊब तिथवर न्यायचीच कशाला? खोली जिथे संपते तिथे, म्हणजे माळ्याच्या जमिनीवर इन्सुलेशन घाला. भोकं आधी सीलंटने बुजवा. त्याला फोमचा एखादा डबा पुरतो. उताराला फोम मारलात की छप्पर कुठे गळतंय ते दिसत नाही. आमच्याकडे एक कौल तडकलं होतं. खाली डाग नाही, थेंब नाही. शेवटी फोम खरवडला तर वाशात स्क्रूड्रायव्हर बोटभर आत गेला. लोण्यात जावा तसा.

उतरतं_छप्पर: वाईट वाटलं वाचून. पण दोष कौलाचा ना? लाकडापर्यंत ओल नेते ती मुख्यतः फटींतून निसटणारी हवा. नुसती झिरपून जाणारी वाफ त्यामानाने फार थोडी. फटी बंद झाल्या की थंड लाकडावर दव धरत नाही.

जुना_वासा: आतून दव धरणार नाही, मान्य. पण बाहेरून शिरलेलं पाणी सुकायला वाट कुठे उरते?

तळघरवाली: माळ्यावर भांडताय, पण तळघराचं काय? इन्सुलेशन ऊब तयार करत नाही, असलेली धरून ठेवते. तळघराच्या छताला फोम मारलात की वरून झिरपणारी ऊब तुटते, तळघर आणखी गारठतं आणि तिथले पाण्याचे पाईप गोठून फुटू शकतात. तिथे मी बाहेरच्या भिंतींना आणि पायावरच्या कडेच्या लाकडाला फोमच घालीन. आणि फोम जळतो हो! उघडा ठेवू नका, साधारण १२.५ मिमी जिप्सम बोर्डाने झाका. मारताना आणि त्यानंतर निदान २४ तास मुलांना घरात आणू नका.

उतरतं_छप्पर: पाईपांचा विचारच केला नव्हता. माझे तळघराच्या छतालाच टांगलेत. म्हणजे आधी तळघराच्या भिंती. माळ्याबद्दल मात्र मत तेच.

जुना_वासा: मग मारण्याआधी एक पावसाळा थांबा आणि प्रत्येक वासा हाताने चाचपून बघा.