आई कानडी कागद मोबाईलवर वाचते, कुठलं अ‍ॅप भरवशाचं?

खानापूरचा_पोर
नमस्कार मंडळी. मी कर्नाटकातल्या, बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातला, नोकरीला पुण्यात, गावी आई एकटीच असते. प्रश्न अ‍ॅपचाच आहे पण जरा लांबण लागणार, सांभाळून घ्या.

आमच्याकडं घरात दारात सगळं मराठी पण कागद येणार तो कानडीत. उतारा, शेतकी सोसायटीची नोटीस, रेशनचा फॉर्म, काही घ्या. पूर्वी कागद आला की आई तो पदराखाली धरून गल्लीच्या टोकाच्या रिटायर गुरुजींकडं जायची. तिथं आधी चहा, मग चष्मा, मग कागद. गेल्या दिवाळीला मी तिला बरा फोन घेऊन दिला आणि कॅमेरा धरला की कानडीचं मराठी होतं ते दाखवलं, तर बाई जाम खूश, आता चिरमुऱ्याच्या पुडीचा कागदसुद्धा वाचून काढते. गुरुजींकडं जाणं बंद.

तर मागच्या आठवड्यात सोसायटीची नोटीस आली, चार घड्या पडलेली. फोन म्हणाला "पिकाच्या ओळी". आईला बसच्या पाट्या बघून बघून कानडी अक्षरं लागतात, तिनं स्वतः जोडून वाचलं "बेळे साल". बेळे म्हणजे पीक हे तिला ठाऊक, साल म्हणजे साल. मग हे पिकाच्या सालाचं काहीतरी, म्हणजे नुकसानभरपाई आली असणार! नवं लुगडं नेसून गेली सोसायटीत. तिथं कळलं की बाबांनी काढलेलं पीककर्ज थकलंय, त्याची नोटीस. चार लोकांसमोर झालं हे. फोनवर मला सांगताना हसत होती पण मला काय हसू येईना.

तर यापेक्षा चांगलं अ‍ॅप आहे का कुठलं? आणि तुमच्याकडं पण असंच झालंय का, फोन आल्यापासून माणसाकडं जाणं तुटलंय?

रताळीवाला_बेळगुंदी
अ‍ॅपचं म्हाईत नाही गा, पण तुटलंय हे खरं. आमचंच सांगतो. वडील असताना बटाट्याचा नायतर रताळ्याचा दर कळायचा म्हंजे पहाटे मार्केटला गाडी लागल्यावर, अडत्या सांगेल तो दर. आता रात्री अंथरुणात पडल्या पडल्या ग्रुपवर दर येतोय, इंदूरचा बटाटा किती गाड्या आला ते पण येतंय. लई भारी वाटलं पहिल्यांदा. पण दर माझ्या एकट्याच्या ग्रुपवर येत नाही की, सगळ्या गावाच्या येतोय. चढा दर दिसला की दुसऱ्या दिवशी सगळी एकदम काढणी करून मार्केटला, आणि दहा वाजेपर्यंत दर खाली. आधी कोण आज न्यायचा कोण परवा, आपोआप पांगायचं. आता आमच्या चुलत्यानं नवीनच काढलंय, दर चढा दिसला की त्या दिवशी शेतावर जातच नाही, दोन दिवस थांबतो. कधी जमतंय कधी आपटतंय.

वडगावची_सून
तुमच्या आईंची गोष्ट वाचून सासूबाईंची आठवण आली. आमचं सिमकार्ड इथलं म्हणून कस्टमर केअरला लावलं की पहिलं "कन्नडक्कागि ओंदन्नु ओत्ति", म्हणजे कानडीसाठी एक दाबा. त्यांना वाटायचं कोणीतरी बाई रागावून बोलतेय, लगेच ठेवून द्यायच्या 😄 मग आमच्या पोरीनं शिकवलं की थांबायचं, पुढं हिंदी येतं. पोरगी कानडी फडाफडा वाचते, शाळेत आहे ना भाषा. आता घरातले सगळे कागद ती वाचते, वय वर्षं बारा. कर्ज किती, हप्ता कुठला चुकला, आजोबांच्या रिपोर्टमध्ये काय आलंय, सगळं तिला ठाऊक. मला खरं सांगू का, हे काही बरं वाटत नाही. गुरुजी वाचायचे ते गुरुजींपाशी राहायचं, पोरीनं काय काय पोटात ठेवायचं?

स्पष्टबोल्या
एवढी वर्षं कर्नाटकात राहून कानडी शिकायला काय होतं म्हणे? अ‍ॅप कशाला पाहिजे. मी निपाणीचा, मराठीच, पण सहा महिन्यांत शिकलो.

शिनोळी_नाका
@स्पष्टबोल्या तू शिकलास छान केलंस, पासष्ट वर्षांच्या म्हातारीला सांगायचं असेल तर तिच्या घरी जाऊन सांग. इथं धागा भरकटवू नका.

बाकी फोनचं म्हणाल तर आमच्यासारखं सुख नाही आणि दुःख नाही. घर बेळगाव तालुक्यात, शेताची एक कड चंदगडला लागून. पूर्वी बांध ओलांडला की फोन महाराष्ट्राचा टॉवर धरायचा आणि रोमिंग कापायचा, म्हैस शोधत फिरलो तरी पैसे 😂 2017 च्या आसपास रोमिंग गेलं तेव्हा आमच्यात कुणीतरी पेढे वाटायचे बाकी होते. पण त्याच फोनवर डिसेंबर 2022 ला सीमावादावरून हिरेबागेवाडीच्या टोल नाक्याजवळ महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगड पडले तेव्हा काय काय यायला लागलं, जुने व्हिडिओ, कुठल्या तरी तिसऱ्याच गावचे, खाली लिहिलेलं "आत्ता बेळगावात". दोन्हीकडच्या एसट्या बंद. माझा भाऊ कोल्हापूर स्टँडवर बसलेला आणि मी त्याला सांगतोय इथं सगळं शांत आहे, चहाची टपरी उघडी आहे, तर तो मलाच म्हणतोय तुला काय माहीत, व्हिडिओ बघ!

जुना_मास्तर
खानापूरकर, मी तुमचे गुरुजी नव्हे, पण तसाच एक. चाळीस वर्षं लोकांचे कागद वाचले.

आधी तुमचा घोळ. कानडीत "साल" म्हणजे कर्ज, "सालु" म्हणजे ओळ. एका उकाराचा फरक. घडीमुळं फोनला नसलेला उकार दिसला असेल, फोनचा दोष आहे असं म्हणत नाही मी. आईंनी वाचलं ते अक्षर बरोबर, अर्थ मराठी लावला. असे शब्द खूप आहेत आणि तेच फसवतात, पूर्ण परका शब्द असला की माणूस निदान विचारतो तरी.

उताऱ्याचं सांगतो. 2001 च्या सुमाराला सगळ्या तालुक्यांत पहाणी, म्हणजे इथला उताराच, कॉम्प्युटरवर आली, भूमी म्हणून योजना. त्याआधी हातानं लिहिलेली, तलाठी भेटेल तेव्हा. मग 15 रुपये दिले की खिडकीवर छापील कागद, आणि आता घरबसल्या दिसतो. हे मोठंच काम झालं, नाकारत नाही. पण उतारा मिळणं सोपं झालं, वाचणं होतं तिथंच राहिलं. जिथं 15 टक्क्यांवर अल्पभाषिक तिथं महत्त्वाचा कागद त्यांच्या भाषेतही द्यावा असा नियम आहे, त्यासाठी मोर्चे काढून आमचे पाय दुखले, ते असो. आईंना दोनच रकाने ओळखायला शिकवा. 9 मध्ये मालकाचं नाव. 11 मध्ये हक्क आणि बोजा, म्हणजे जमिनीवरचं कर्ज वगैरे. 11 मध्ये काहीही लिहिलेलं दिसलं की फोनवर विसंबायचं नाही, माणूस गाठायचा.

आणखी एक. आम्ही कागद वाचायचो तेव्हा सगळा मोठ्यानं वाचायचो नाही. दारात कोण बसलंय बघून वाचायचो. थकबाकी असली तर म्हणायचं, "हे जरा उद्या निवांत बघू, या तुम्ही". तुमच्या आईंना चार लोकांत कळलं ते असं कळलं नसतं.

खानापूरचा_पोर
मास्तर, शेवटचं वाचून गप्पच बसलो थोडा वेळ. रविवारी गावी जाऊन आलो, आईला घेऊन गुरुजींकडं गेलो. म्हटलं रागावले असतील, तर तसलं काही नाही, मोतीबिंदूचं ऑपरेशन राहिलंय म्हणून बारीक अक्षर त्यांनाच दिसेना झालंय. कोण येत नाही ते बरंच म्हणे, आलं असतं तर काय सांगणार होतो. शेवटी आईनं फोननं नोटिशीचा फोटो काढला, दोन बोटांनी मोठा केला आणि त्यांच्यापुढं धरला, त्यांनी वाचला. बाहेर शेजारीण तांदूळ निवडत होती तर आवाज एकदम खाली 🙂

बाकी 18 हजार निघाली. काल भरली. वडगावच्या ताई, हप्त्याचं पोरीला सांगू नका, मला फोटो पाठवा, मी गुरुजींना दाखवतो.