घरच्यांसोबत वाळवंट आणि जुने अवशेष: तुमचे अनुभव लिहा

युटा, कोलोरॅडो, न्यू मेक्सिको, ॲरिझोना. या चार राज्यांच्या कोपऱ्यात घरच्यांना घेऊन गाडीने कोण कोण हिंडून आलंय? पार्कांची माहिती कुठेही मिळते, इथे फजिती लिहा.

*

मेसा व्हर्डे, कड्यांच्या कपारीत बांधलेली जुनी दगडी घरं. सासूबाई सत्तरीच्या, म्हणून आम्ही आपलं "आई, तुम्ही वरूनच बघा." त्यातल्या बाल्कनी हाउस या घराची ३२ फुटी शिडी त्या माझ्याआधी चढल्या! पुढे १८ इंच रुंदीचं भुयार, रांगत जायचं. तिथे अडकलो मी. (पोट.) नंतर म्युझियममध्ये त्या एका दगडापाशी थांबल्या, काचेला नाक लावून. "अगं, हा तर पाटा-वरवंटा!" तसंच आहे, गुडघे टेकून यावर मका दळायचे. इ.स. १३०० च्या सुमारास इथे राहणारी माणसं कड्यातली घरं सोडून दक्षिणेकडे गेली, असं मी वाचून दाखवलं. त्यावर म्हणाल्या, "पाटा कोण नेतंय? जड असतो."

*

उन्हाळ्यात ॲरिझोनातल्या पेज गावाहून मॉन्युमेंट व्हॅलीला गेलो. चारची जीप ठरवलेली, पावणेचारला पोचलो म्हणून खूश. तिथल्या घड्याळात पावणेपाच! ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, पण मॉन्युमेंट व्हॅली ज्यात येते तो नावाहो आदिवासींचा स्वतःचा प्रदेश, नावाहो नेशन, करतो. आणि नावाहोंच्या मधोमध राहणारे होपी आदिवासी मात्र पुढे करत नाहीत. जीप गेली, पैसेही गेले. बायको अजून "कुठल्या टायमाने?" असं विचारते.

*

पेट्रिफाइड फॉरेस्ट. २० कोटी वर्षांहून जुनी, दगड झालेली झाडं. रात्री मोटेलात लेकाच्या खिशातून चिंचोक्याएवढा लाल तुकडा निघाला. सकाळी उलटे गेलो. लोक असे चोरलेले दगड माफीची पत्रं लिहून परत पाठवतात म्हणे, पण मूळ जागा माहीत नसल्याने ते पुन्हा मांडता येत नाहीत, एका ढिगात जातात. लेक गाडीत बसून रडत होता, "त्याची जागा मला माहितीये, मी ठेवून येतो." रेंजरबाईंनी हसून तुकडा ठेवून घेतला.

*

चाको कॅन्यन. शेवटचे १३ मैल कच्चा रस्ता, गाडीतले डबे खुळखुळून चटणीचं तेल बॅगेभर. आत पेट्रोल नाही, खायला काही नाही. पण प्वेब्लो बोनिटो या भल्यामोठ्या जुन्या दगडी इमारतीच्या अवशेषांत एकामागे एक दारं दिसतात ना, तिथे सगळे गप्प झालो. सहाशेच्या वर खोल्या, तुळया लांबच्या डोंगरांतून आणलेल्या. तेव्हा चाक नाही, ओढायला बैल नाही. बाबा बांधकाम खात्यातले, भिंतीवरून हात फिरवत म्हणाले, "सांधे बघ." रात्री तेलकट पोळ्या खाल्ल्या, दिवा न लावता.