पॉइंटर असलेला स्ट्रक्ट जीडीबीत (प्रोग्राम थांबवून आतला डेटा दाखवणारा डीबगर) नीट दिसतो का, ते कसं तपासावं?

चर्नीरोडकर: सी प्लस प्लसमध्ये स्टेशनांची लिंक्ड लिस्ट आहे. नोडमध्ये नाव (कॅरेक्टर पॉइंटर) आणि नेक्स्ट (पुढच्या नोडचा पॉइंटर). जीडीबीत नाव दिसतं, नेक्स्टचा मात्र नुसता पत्ता. पायथॉनमध्ये प्रीटी प्रिंटर (जीडीबीत डेटा वाचनीय रूपात दाखवणारा कोड) लिहायचाय. चाचण्या कोणत्या ठेवू?

स्लो_लोकल: पत्ता दिसतोय ते बरोबरच. कॅरेक्टर पॉइंटर सोडला तर जीडीबी आपणहून पॉइंटरमागे जात नाही, म्हणूनच गोल लिस्टमध्येही अडकत नाही. नुसतं बघायचं असेल तर प्रिंटर कशाला? 'पी *पहिला' (पी म्हणजे प्रिंट), मग 'पी *$.नेक्स्ट', आणि पुढे फक्त एंटर. $ म्हणजे शेवटची छापलेली किंमत. मरीन लाइन्स, चर्नी रोड, ग्रँट रोड, एकही स्टेशन न गाळता.

कोअरडंप_ठाणे: प्रिंटर लिहिणारच असाल तर वाईट पॉइंटर मुद्दाम पेरा: नल, हेक्समधला १० हा पत्ता, आणि शेवटच्या नोडचा नेक्स्ट परत चर्चगेटकडे (पहिल्या नोडकडे). फ्री केलेला पॉइंटर चाचणीला घेऊ नका. ती मेमरी बहुतेकदा प्रोसेसकडेच राहते, एरर येत नाही, कचरा छापला जातो.

१० वर मेमरी-एरर येते, पण डीरेफरन्सच्या (पॉइंटरमागच्या डेटाकडे जाण्याच्या) ओळीवर नाही! जीडीबीची किंमत (पायथॉनला मिळणारी व्हॅल्यू) आळशी असते, प्रत्यक्ष वाचताना फुटते. ट्राय फक्त डीरेफरन्सभोवती घातला तर उपयोग शून्य. तिथेच 'फेच लेझी' (किंमत लगेच वाचायला लावणारी मेथड) बोलवा.

गोल लिस्टचं: प्रिंटरच्या 'चिल्ड्रन' मेथडमधून एकेक नोड यील्ड केला (पुढे दिला) तर जीडीबी 'प्रिंट एलिमेंट्स'च्या मर्यादेवर थांबतं, मुळात २००. 'टू स्ट्रिंग' मेथडमध्ये (एकच मजकूर परत देणारी) लूप फिरवलात तर ही मर्यादा नाही, सेशन लटकतं.

चर्नीरोडकर: पाहिलेले नोड सेटमध्ये ठेवतोय, तरी फिरतंच राहतं.

कोअरडंप_ठाणे: किंमत तशीच सेटमध्ये टाकली असणार. तिचा हॅश (सेट ज्यावरून ओळखतो तो आकडा) पत्त्यावरून नाही, पायथॉन ऑब्जेक्टवरून निघतो, म्हणून दरवेळी नवीनच वाटते. आधी इंटमध्ये बदला.

स्लो_लोकल: बेस पॉइंटरमागे डिराइव्ह्ड ऑब्जेक्ट असेल तर 'सेट प्रिंट ऑब्जेक्ट ऑन' लागतं, तेही क्लासमध्ये व्हर्च्युअल फंक्शन असेल तरच. आउटपुट जुळवताना पत्ते रेजेक्सने (मजकुराचा नमुना देऊन) झाका, नाहीतर बिल्ड बदलला की चाचणी पडेल. कंपायलरचं ऑप्टिमायझेशन बंद ठेवा. प्रिंटर चुकतोय की डेटा, ही शंका आली की 'पी/आर': प्रिंटर बाजूला ठेवून कच्चं रूप दिसतं.

चर्नीरोडकर: इंट केलं, थांबलं. मॅकवर एलएलडीबीत (तिथला डीबगर) हेच?

स्लो_लोकल: तिथे प्रिंटरशिवायही जमतं. 'फ्रेम व्हेरिएबल'ला पॉइंटर-डेप्थ ३ द्या, तीन पॉइंटर आत उलगडतं.