७४चा रेल्वे संप फसला असं सरसकट का म्हणतात?

रुळावरचा
दसऱ्याआधी रेल्वेवाल्यांना ७८ दिवसांचा बोनस जाहीर झाला की "फुकटे" म्हणून बोंब सुरू होते. रेल्वे म्हणजे सरकारी खातं, म्हणून १९६५च्या बोनस कायद्यातून ती वगळलेली होती. मे १९७४मध्ये सुमारे १७ लाख कामगार संपावर गेले, त्यात बोनस ही मोठी मागणी होती. बोलणी चालू असतानाच २ मेला संपाचे पुढारी जॉर्ज फर्नांडिसांना लखनौत उचललं. ८ मेला संप सुरू, २७ला मागे. हजारो तुरुंगात, नोकऱ्या गेल्या, बायकापोरांसकट क्वार्टरमधून बाहेर काढलं. पण १९७९मध्ये बोनस मिळालाच ना? संप मोडला, मागणी मोडली नाही.

हिशेबनीस
काहीतरीच. १९७९चा बोनस चरणसिंग सरकारचा, निवडणूक तोंडावर असताना दिलेला. त्याचं श्रेय पाच वर्षं आधी मोडलेल्या संपाला? संपाने एकच साधलं: इंदिराबाईंना आणीबाणीची रंगीत तालीम करून दिली. खटल्याविना डांबणारा मिसा कायदा काय, भारत संरक्षण नियम काय, सगळं तिथेच वापरून झालं.

फायरमनचा नातू
दोघेही बोनसला चिकटलात. खरं दुखणं ड्युटीचं. वाफेच्या इंजिनावर गाडी सिग्नलला तासभर खोळंबली तरी फायरमनला, म्हणजे भट्टीत कोळसा टाकणाऱ्याला, सुट्टी नाही, फावडं मारून वाफ धरून ठेवायची. चौदा-चौदा तास. मान्यताप्राप्त युनियन ऐकेनात, म्हणून रनिंग स्टाफने, म्हणजे इंजिनावरच्या ड्रायव्हर-फायरमन मंडळींनी, वेगळी संघटना काढली आणि ऑगस्ट १९७३मध्ये संप करून १० तासांची ड्युटी कबूल करून घेतली. त्याच वर्षी मान्यताप्राप्त युनियनांपैकी ऑल इंडिया रेल्वेमेन्स फेडरेशनच्या अध्यक्षपदावरून पीटर अल्वारिस (हो, गोवामुक्तीवाले) गेले आणि जॉर्ज आले. काँग्रेसच्या इंटक कामगार संघटनेची फेडरेशन तर ७४च्या संपात नव्हतीच. म्हणजे सरकारशी जेवढं भांडण, तेवढंच आपल्याच पुढाऱ्यांशी.

हिशेबनीस
हे पटलं. पण मग १० तास पदरात पडले होते, तर त्यांची अंमलबजावणी रेटायची. आठ तास, बोनस, सरकारी कारखान्यांएवढा पगार, सगळं एकदम कशाला?

रुळावरचा
कारण ड्रायव्हर एकटे भांडले तर गँगमनच्या हाती काय लागणार? ट्रॅकवर उन्हात घण मारणाऱ्याला ड्युटीच्या तासांपेक्षा पगाराची चिंता. सगळ्यांना एकत्र आणायचं तर यादी लांबणारच. आणि कामावरून काढलेल्यांना जनता सरकारने १९७७मध्ये परत घेतलं, तेही हिशेबात धरा.

हिशेबनीस
धरलं. तेही सरकार बदललं म्हणूनच. त्यानंतर एवढा मोठा देशव्यापी रेल्वे संप पुन्हा झाला नाही, हेही धरा.

फायरमनचा नातू
वाफ गेली, इलेक्ट्रिक इंजिनं आली, फायरमनचा असिस्टंट लोको पायलट झाला. तरी २०२४मध्येही लोको पायलट ड्युटीच्या तासांसाठी आणि आठवड्याच्या विश्रांतीसाठी भांडतच होते. बोनसची बातमी दर वर्षी पेपरात येते, ह्याची येत नाही.