सेवेतला गर्व ओळखायचा कसा आणि आवरायचा कसा?

मोहरीचा_दाणा: चर्चमध्ये प्रार्थना चालवणं, शिकवणं, गायन अशा सेवेत असणाऱ्यांसाठी प्रश्न आहे. कौतुक झालं की मन सुखावतं, नाही झालं की खट्टू होतं. कौतुक झिडकारावं का? की सेवाच सोडावी? ‘मी काहीच नाही, सगळं प्रभूचं’ हे म्हणण्यातही आता मिरवणं आलंय. ‘नम्र व्हा’ एवढंच नको, रोज करता येईल असं सांगा.

जुनी_पायवाट: आधी निदान. चौथ्या शतकात इवाग्रियस या ख्रिस्ती संन्याशाने मिसरच्या वाळवंटातल्या संन्याशांसाठी आठ घातक विचार सांगितले. त्यांत मानाची हाव आणि गर्व हे दोन वेगवेगळे धरलेत. हावेला प्रेक्षक लागतात. गर्वाला कोणीच लागत नाही: चांगलं झालं ते माझ्यामुळे, आणि बाकीचे बंधू अडाणी. तुम्ही लिहिलंय ती हाव आहे. त्याच परंपरेतल्या कॅसियन या संन्यासी लेखकाने तिला कांद्याची उपमा दिली, एक पापुद्रा काढला की खाली दुसरा. तुमचं ‘मी काहीच नाही’ हा तसाच खालचा पापुद्रा.

तिच्यावर उपाय बायबलमधल्या मत्तय ६ मध्ये आहे: दान, प्रार्थना, उपास, तिन्ही गुप्तपणे. नाव होणाऱ्या सेवेच्या जोडीला आठवड्यातून एक काम असं धरा की ते कोणालाच कळू नये. आडूनही सुचवायचं नाही, ‘तुमच्यासाठी रोज प्रार्थना करतो हं’ हेसुद्धा नाही. सांगायची उबळ केव्हा आणि कोणासमोर येते ते टिपा, दुखणं तिथेच आहे.

गर्वासाठी लूक १८:९-१४ वाचा. येशूच्या त्या दाखल्यात परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारा, चक्क देवाचे आभार मानतोय! चूक आहे ती ‘ह्या जकातदारासारखा नाही’ यात. आभार मानताना तुलनेला कोणी माणूस आला की प्रार्थना तिथेच थांबवून त्याच माणसासाठी करा.

सांजप्रार्थना: सेवा लगेच सोडू नका. मोशेही ‘मला बोलता येत नाही, दुसऱ्याला पाठव’ म्हणत राहिला आणि देवाचा कोप भडकला (निर्गम ४). कौतुकाला ‘धन्यवाद’ म्हणा आणि विषय बदला. झिडकारलं की समोरचा आणखी दोनदा कौतुक करतो.

रात्री १०-१५ मिनिटं येशूसंघाचा संस्थापक संत इग्नेशियस याच्या पद्धतीने मनाची झडती घ्या: आभार, स्वतःचं पाप दिसावं म्हणून कृपा मागणं, दिवस तपासणं, क्षमा, उद्याचा संकल्प. दिवस तपासताना मोघम नको. कोणाचं बोलणं मधेच तोडलं? कोणाची स्तुती ऐकून गप्प झालो? एकच दोष निवडून दिवसभर पाळत ठेवायचीही त्याची रीत आहे: तो दोष घडला की त्याच क्षणी हात छातीवर, आणि वहीत ठिपका. ठिपके कमी झाल्याचाही गर्व होतो, म्हणून वही कोणाला दाखवू नये.

लेवी_७०: वहीबद्दल थोडं वेगळं मत. संत बेनेडिक्टने मठवासीयांसाठी लिहिलेल्या नियमावलीत (अध्याय ७) लीनतेच्या १२ पायऱ्या आहेत. पहिली देवाचं भय, पाचवी मनातले वाईट विचार मठाधिपतीपासून न लपवणं. खाली मान, झुकलेली नजर ही बारावी! आपण नेमकी तिथून सुरुवात करतो. तेव्हा वही एका तरी विश्वासू माणसासमोर उघडा, शक्यतो जो तुमच्या सेवेवर भाळलेला नाही अशा.

आणि एक इशारा. आधीच कोणाच्या तरी पायाखाली चिरडल्या जाणाऱ्याला ‘स्वतःला सर्वांत हलका समज’ ही सातवी पायरी देऊ नये. योहान १३:३ आधी वाचा: आपण देवापासून आलो आणि देवाकडे जातोय हे येशूला ठाऊक होतं, मग चौथ्या वचनात तो शिष्यांचे पाय धुवायला उठून रुमाल कमरेला बांधतो. अत्याचार मुकाट सोसणं म्हणजे लीनता नव्हे.

मोहरीचा_दाणा: उपयोगी आहे. पण सेवेतला पुढारी खुर्च्या उचलायला गेला की ‘अहो, तुम्ही कशाला!’ सुरू होतं. तिथेही कौतुकच.

सांजप्रार्थना: मग ते काम गुप्त नाहीच, दुसरं शोधा. त्यापेक्षा महिन्यातून एक उपासना नवख्या माणसाकडे द्या. स्वतः मागच्या रांगेत बसा, चुका मोजू नका आणि त्याने विचारल्याशिवाय सूचना करू नका. पहिल्या दहा मिनिटांतच कळेल किती जड जातंय ते.